एकाच पार्टात एका टोकाला स्टील, दुसऱ्या टोकाला तांबं: कॅडमध्ये हे काढायचं कसं?

भांडुपचा_फिटर (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमची अंधेरी एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे, प्लास्टिकचे मोल्ड बनवतो, मी डिझाइनला. सध्या एक ग्लासफिल्ड नायलॉनच्या कव्हरचं काम आलंय, त्यात आत एक उंच इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा वेगळा तुकडा) आहे जो थंडच होत नाही, सायकल टाइम (एक नग निघायला लागणारा वेळ) सगळा तिथे खातो. आमचे शेठ एका प्रदर्शनात गेले होते तिथे कुणीतरी त्यांना लेझरने मेटल पावडर वितळवून थर लावणारं मशीन दाखवलं, त्याला दोन हॉपर (पावडरचे डबे), एकात टूल स्टील दुसऱ्यात तांबं, आणि म्हणे चालता चालता प्रमाण बदलता येतं. म्हणजे बाहेर एच१३ (मोल्डचं टूल स्टील), आत थंड करणाऱ्या पाण्याच्या लाइनीकडे हळूहळू तांबं. शेठ खुश. मला म्हणाले मॉडेल बनव आणि पाठव.

आता आमच्या कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉलिडवर्क्समध्ये, एका बॉडीला (सलग ठोकळ्याला) एकच मटेरियल देता येतं. मग मी काय केलं, इन्सर्टचे आडवे १२ काप केले, प्रत्येक कापाला वेगळं मटेरियल बनवून दिलं, १०० टक्के स्टील, मग ९१, मग ८२ असं करत करत. दोन रात्री गेल्या. अ‍ॅनालिसिस टाकलं तर प्रत्येक कापाच्या सांध्यावर स्ट्रेसची (आतल्या ताणाची) उडी, लाल पट्टे, झेब्रा क्रॉसिंग दिसतंय नुसतं. आणि आज संध्याकाळी पार्टीचा (गिऱ्हाइकाचा) मेल, इन्सर्ट ६० मिमीचा ७२ करा. बाराच्या बारा काप बोंबलले.

हे लोक नक्की कसं करतात? कुठलं तरी सॉफ्टवेअर असेलच ना?

---

टूलरूमकाका · मंगळवार, रात्री ११:३१

बेरिलियम कॉपरचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) इन्सर्ट टाक आणि झोप. उष्णता स्टीलच्या चौपट तरी ओढतो. आम्ही चाळीस वर्षं तेच केलं. शेठला प्रदर्शनात पाठवू नका हा पहिला उपाय.

---

भांडुपचा_फिटर · मंगळवार, रात्री ११:४४

काका तेच आधी टाकलं होतं. ३० टक्के काच आहे नायलॉनमध्ये, गेटसमोरचा (प्लास्टिक आत शिरतं तिथला) भाग किसणीसारखा खाल्ला गेला. आणि ते घासताना पॉलिशवाला मास्क लावत नाही, बेरिलियमची धूळ फुप्फुसाला वाईट, मलाच भीती वाटते.

---

टूलरूमकाका · मंगळवार, रात्री ११:५०

हं. मग स्टीलच पाहिजे पुढे. वाचतोय.

---

पवईची_चिमणी · बुधवार, सकाळी ८:०५

फिटरभाऊ, तुमचा प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नंतर आहे, आधी कॅडच्या मुळातल्या एका समजुतीचा आहे. मी याच विषयात खपतेय म्हणून जरा लांब लिहिते, ट्रेन कांजूरला उभी आहे, वेळच वेळ आहे.

सॉलिड मॉडेलिंग सत्तरच्या दशकात उभं राहिलं तेव्हा त्याचा सगळा प्रश्न एवढाच होता की हा बिंदू वस्तूच्या आत आहे, बाहेर आहे, की पृष्ठभागावर. तीन उत्तरं, संपलं. आत काय भरलंय हे विचारायचंच नाही, सगळीकडे सारखंच असणार, कारण आपण लोखंडाचा ठोकळा घेऊन कापतो ना. म्हणून मटेरियल हे बॉडीला चिकटवलेलं एक लेबल झालं, डब्यावर 'साखर' लिहितो तसं. तुमच्या डब्यात वर साखर, खाली मीठ आणि मध्ये दोन्ही मिसळलेलं. लेबल काय लावणार?

जपानमध्ये सेंदाईकडच्या मटेरियलवाल्यांनी १९८४ मध्ये असा हळूहळू बदलणारा माल बनवायची कल्पना मांडली ती अवकाशविमानासाठी, पृष्ठभाग २००० केल्विनला तापणार आणि १० मिमीपेक्षा कमी जाडीत १००० केल्विनचा फरक. नुसता धातूवर सिरॅमिकचा थर चढवला तर दोघं वेगवेगळे प्रसरण पावतात, सांध्यावर तडकतं. म्हणून सांधाच काढून टाकायचा, एकातून दुसऱ्यात हळूहळू जायचं. तुमचं तांबं-स्टील तेच आहे. तांबं साधारण दीडपट जास्त फुगतं स्टीलपेक्षा.

पण वस्तू बनवता यायला लागली तरी ती कॉम्प्युटरमध्ये लिहायची कशी हे बराच काळ कुणाकडे धड नव्हतं. मिशिगन विद्यापीठात विनोद कुमार आणि देबाशीष दत्ता यांनी १९९७-९८ च्या सुमारास ते नीट मांडलं. प्रत्येक बिंदूला क्ष, य, झ या तीन आकड्यांबरोबर आणखी काही आकडे, स्टील किती, तांबं किती, आणि त्यांची बेरीज कायम १. म्हणजे मटेरियल हे लेबल नाही, जागेगणिक बदलणारं फंक्शन आहे. बिंदू द्या, प्रमाण मिळेल. तुम्ही १२ काप केलेत तेव्हा त्या फंक्शनचा जिना केलात, झेब्रा क्रॉसिंग आलं ते त्याचं. ते पट्टे पार्टात नाहीत, तुमच्या मॉडेलमध्ये आहेत.

७२ मिमीचं दुखणं मात्र वेगळं आहे, त्यावर संध्याकाळी लिहिते. गाडी हलली.

---

नुसता_वाचक · बुधवार, सकाळी ९:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

जाळीवाला · बुधवार, दुपारी १:१५

चिमणीताईंनी तत्त्वज्ञान सांगितलं, मी मजुरी सांगतो.

सोप्पा मार्ग म्हणजे व्हॉक्सेल. ठोकळ्याचे बारीक चौकोनी दाणे करा, प्रत्येक दाण्यात एक आकडा, तांबं किती. स्टील आपोआप उरलेलं. तुमचा इन्सर्ट धरू ६० बाय ४० बाय ४०. ०.१ मिमीचा दाणा घेतला तर ९ कोटी ६० लाख दाणे, एका दाण्याला एक बाइट धरला तर ९६ एमबी, मोबाइलमध्येही मावेल. पण ०.०२ चा दाणा घ्या म्हणजे १२५ पट, १२ जीबी. आणि पृष्ठभाग तरीही पायऱ्यापायऱ्यांचाच. पॉलिश केलेल्या मोल्डचा सरफेस व्हॉक्सेलमधून काढणं म्हणजे वाळूने रांगोळी काढण्यातला प्रकार.

बरं, लेझरची एक रेघच मिलिमीटरभर रुंद असते त्या पावडरवाल्या मशीनची, तेव्हा ०.०२ चं करायचंय काय? रेझिनचे इंकजेट प्रिंटर असतात त्यांना व्हॉक्सेल शोभतं, तिथे प्रत्येक थेंब एकाच रेझिनचा असतो, मिश्रण बित्र काही नसतं, पेपरातल्या फोटोत काळे ठिपके दाट-विरळ करून करडा रंग दाखवतात तसंच मऊ आणि कडक थेंब विखरायचे. तुमच्याकडे धातू खरंच वितळून मिसळतोय, वेगळी गोष्ट.

अ‍ॅनालिसिससाठी जुनी युक्ती: अबॅकस या अ‍ॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियलचे गुणधर्म तापमानावर अवलंबून देता येतात. तर खोटं तापमान द्यायचं! शून्य डिग्री म्हणजे शुद्ध स्टील, १०० डिग्री म्हणजे शुद्ध तांबं, प्रसरण गुणांक शून्य ठेवायचा म्हणजे ते खोट्या तापमानाने फुगणार नाही, आणि अ‍ॅनालिसिसच्या जाळीतल्या प्रत्येक गाठीला, म्हणजे नोडला, पायथॉनने (छोटा प्रोग्रॅम लिहून) तापमान लिहून द्यायचं. काप नकोत, पट्टे नकोत. अर्धं जग असंच करतं.

---

पवईची_चिमणी · बुधवार, दुपारी २:०२

जाळीवाले, त्यांचा प्रॉब्लेमच तापण्याचा आहे :) तापमान खोट्या कामाला लावलं तर खरं तापमान कुठे ठेवणार? आणि प्रसरण शून्य केलं तर थर्मल स्ट्रेस काय कपाळ काढणार.

---

जाळीवाला · बुधवार, दुपारी २:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो पण ताईंनी खाली उत्तर देऊन बूच मारलं.

बरोबर आहे. फिटरभाऊ, तापमानाऐवजी फील्ड व्हेरिएबल (प्रत्येक नोडला आपण देऊ तो आकडा) वापरा. अबॅकसमध्ये कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची ताकद), यंग्स मॉड्युलस (ताठपणा), प्रसरण सगळं फील्ड व्हेरिएबलवरही अवलंबून देता येतं, डिपेंडन्सीज एक असं लिहायचं आणि नोडवार किंमती इनपुट फाइलमध्ये. तो आकडा म्हणजे तांब्याचं प्रमाण. तापमान मोकळं राहतं. एलिमेंटच्या (जाळीच्या एका घराच्या) आतसुद्धा गुणधर्म सलग बदलतात, तेव्हा मेश (जाळी) फार बारीक पण लागत नाही.

---

काळाखट्टा · बुधवार, दुपारी ३:४०

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण हे म्हणजे चौपाटीवरचा बर्फाचा गोळा ना? वरून सिरप ओतलं तिथे गडद, लांब जाल तसा फिका.

---

टूलरूमकाका · बुधवार, दुपारी ३:५५

गोळ्यात सगळं सिरप काडीपाशी साचतं. दोन चोखे मारले की वर पांढरा बर्फ. ह.घ्या. (हलकं घ्या)

---

रसिका_दादर · बुधवार, संध्याकाळी ६:२५

मी डेंटल लॅबमध्ये कॅड-कॅम बघते, हे आमच्याकडे रोजचं आहे म्हणून लिहितेय. झिरकोनियाच्या (दात बनवायच्या सिरॅमिकच्या) मल्टिलेअर डिस्क येतात, ९८ मिमी व्यासाच्या, त्यात वरपासून खालपर्यंत शेड बदलत जाते, वर पारदर्शक, खाली हिरडीकडे पिवळसर आणि गडद. काही डिस्कमध्ये तर वर आणि खाली झिरकोनियाच वेगळा असतो, खालचा ताकदीचा, वरचा दिसायला छान. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दात डिस्कच्या आत वरखाली सरकवतो आणि बघतो शेड कुठे पडते.

एका दाताला मस्त जमतं. पण सहा दातांचा ब्रिज आला की रडारड, कारण सगळे दात सारख्या उंचीचे नसतात. सुळा लांब असतो, पुढचे लहान, डिस्कमधली पट्टी मात्र सरळ आडवी. मग सुळ्याच्या मधोमध जी शेड पडते ती शेजारच्या दाताच्या टोकाला येते. डॉक्टर परत पाठवतात. आपण परत वरून रंग मारतो. आता मला कळलं यात माझी चूक नव्हती, शेड दाताला बांधलेली नाहीये, डिस्कला बांधलेली आहे. असंच काहीतरी ना?

---

पवईची_चिमणी · बुधवार, रात्री ९:१०

रसिकाताई तुम्हाला दंडवत!! मी संध्याकाळी जे लिहिणार होते ते तुम्ही निम्म्या शब्दांत लिहिलंत.

फिटरभाऊ, तुमचं ७२ मिमीचं दुखणं तेच. फंक्शन लिहिताना 'झेड (म्हणजे उंची, वरचा झ) बरोबर २० ला ३३ टक्के' असं लिहिलं तर ते टेबलाला बांधलं गेलं, वस्तूला नाही. वस्तू वाढली, वाकली, भोक सरकलं, तरी प्रमाण जिथल्या तिथे उभं, लग्नघर हललं आणि मांडव तिथेच राहिला. प्रमाण बांधायचं ते वस्तूच्याच एखाद्या भागाला: या पृष्ठभागापासून किती लांब, त्या भोकापासून किती लांब. हाँगकाँगच्या स्यू आणि टॅन यांनी २००२ मध्ये हेच 'उगम' म्हणून मांडलं, मटेरियल जिथून सुरू होतं तो बिंदू, रेघ किंवा पृष्ठभाग धरायचा आणि तिथून अंतराप्रमाणे बदलत न्यायचं. काळाखट्टा, तुमचा गोळा अगदीच चुकीचा नाही, काकांकडे लक्ष देऊ नका. पुढे २००४ मध्ये बिस्वास, शपिरो आणि त्सुकानोव्ह यांनी एकापेक्षा जास्त भागांपासूनची अंतरं एकत्र कशी मिसळायची ते दाखवलं, जो भाग जवळ त्याचा जोर जास्त.

---

बाब्या_मालवण_ते_मालाड · बुधवार, रात्री ९:४८

गावाला माडाचं खोड कापताना बघा एकदा. सालीकडचा भाग असा की करवतीचे दात जातात, खांब-वासे त्याचेच. मधला गाभा भुसभुशीत. आजोबा म्हणायचे वाऱ्याला वाकायचं काम बाहेरच्याचं, आतल्याला काही काम नाही. बांबूत पण धागे बाहेरच्या बाजूला दाट. माडाला कुणी कॅड शिकवलं नव्हतं.

---

टूलरूमकाका · बुधवार, रात्री १०:३०

मघापासून वाचतोय आणि डोकं खाजवतोय. आता एक विचारू का? रागावू नका.

हे सगळं आम्ही ड्रॉइंगवर एका ओळीत लिहायचो. गिअर घ्या. कमी कार्बनचं स्टील, ०.२ टक्केवालं, दात पाडले, केस कार्बरायझिंगला (भट्टीत पृष्ठभागातून कार्बन मुरवायला) पाठवलं. बाहेर ०.८ च्या आसपास कार्बन होतो आणि आत जाल तसा उतरत उतरत परत ०.२. वर कडक, आत चिवट. आता हा पण हळूहळू बदलणाराच माल झाला की नाही? आणि ड्रॉइंगवर काय असतं? 'केस डेप्थ ०.८ ते १.० मिमी, ५८-६२ एचआरसी (कडकपणाचं माप)'. बास. ना फंक्शन ना व्हॉक्सेल. गिअर मोठा केला, दात वाढवले, ओळ तीच. कधी बदलावी लागली नाही.

तेव्हा एवढा खटाटोप कशाला हे मला कळेना.

---

पवईची_चिमणी · बुधवार, रात्री १०:४१

काका. तुम्ही आत्ता काय लिहिलंत ते परत वाचा ना. केस डेप्थ म्हणजे काय? पृष्ठभागापासूनचं अंतर!

ओळ कधी बदलावी लागली नाही कारण ती पृष्ठभागाला बांधलेली होती, कुठल्या झेड-बिडला नाही. तुम्ही हे सगळं आयुष्य अंतराच्या फंक्शनने काम केलंत. फरक एवढाच की तुमचं फंक्शन भट्टी काढायची, कार्बन आपला आपण आत जायचा, म्हणून कॅडला ते माहीत असायची गरज नव्हती. फिटरभाऊंच्या मशीनला मात्र प्रत्येक जागी कुणीतरी सांगायला लागणार की आत्ता किती तांबं सोड. भट्टीचं काम मॉडेलवर आलंय.

---

टूलरूमकाका · बुधवार, रात्री १०:५२

हे बरंय. म्हणजे मी पीएचडी झालो.

---

जाळीवाला · बुधवार, रात्री ११:००

+१. फिटरभाऊ, तर मग दोन अंतरं घ्या. अ म्हणजे प्लास्टिक लागतं त्या पृष्ठभागापासून, ब म्हणजे पाण्याच्या लाइनीपासून. तांबं = अ भागिले (अ + ब). पृष्ठभागावर अ शून्य म्हणून तांबं शून्य, लाइनीवर ब शून्य म्हणून तांबं पूर्ण. मध्ये आपोआप जुळतं.

---

टूलरूमकाका · बुधवार, रात्री ११:०८

चालणार नाही. पृष्ठभागावर शून्य आणि दुसऱ्या मिलिमीटरला तांबं सुरू? घासून पॉलिश करणार, पार्टी सहा महिन्यांनी डायमेन्शन बदलणार, परत मशिनिंग करणार, तेव्हा तांबं उघडं पडेल. पहिले ३ मिमी शुद्ध स्टील पाहिजे, एक कण तांब्याचा नको.

---

जाळीवाला · बुधवार, रात्री ११:१३

मान्य. मग अ च्या जागी (अ − ३) घ्या, आणि अ तीनपेक्षा कमी असेल तिथे तांबं थेट शून्य.

तांबं = (अ − ३) / ((अ − ३) + ब)

लाइन पृष्ठभागापासून ३ मिमीपेक्षा लांब असली पाहिजे, ती तशीही असतेच. उतार कमी-जास्त करायचा असेल तर याला वर घात लावा, २ लावला तर स्टील लांबपर्यंत टिकतं आणि तांबं शेवटी पटकन येतं.

एक खोच आहे. आतल्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती सारख्याच अंतरावर असतात, तिथे अंतराच्या फंक्शनला धार येते, म्हणजे प्रमाण सलग राहतं पण उतार एकदम मोडतो. स्ट्रेसमध्ये ती रेघ बारीकशी दिसेल. ज्यांना ती खपत नाही ते युक्रेनच्या रवाचोव्ह यांची आर-फंक्शनं वापरून अंतराचं गुळगुळीत भावंड बनवतात. तुम्हाला आत्ता गरज नाही.

---

भांडुपचा_फिटर · शुक्रवार, रात्री १२:४०

मंडळी!! झालं.

दोन दिवस गायब होतो कारण हेच करत बसलो. ऑफिसच्या मशीनवर कॅडमधून फक्त आकार काढला, एक सॉलिड, काप नाहीत. मेश केली. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे भाच्याने लिहिली मी चहा केला, प्रत्येक नोडपासून त्या दोन पृष्ठभागांचं अंतर काढते आणि वरचं सूत्र लावून फील्ड व्हेरिएबलची फाइल लिहिते. झेब्रा गेला. मग मुद्दाम इन्सर्ट ७२ चा केला, परत चालवलं, दहा मिनिटांत. मग वैतागून पाण्याची लाइन पण ४ मिमी सरकवली. तांबं तिच्या मागे मागे आलं!! रात्री घाटकोपरला मेट्रोतून उतरताना एकटाच हसत होतो, लोक बघत होते.

आता प्रश्न. निम्मं निम्मं असेल तिथे कंडक्टिव्हिटी किती द्यायची? मी सरळ सरासरी दिली. एच१३ साधारण २५, तांबं ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, निम्म्याला २१२. बरोबर?

---

जाळीवाला · शुक्रवार, सकाळी १०:०५

अभिनंदन, पण आता खरी गंमत सुरू होते.

सरळ सरासरी तेव्हाच खरी जेव्हा तांबं आणि स्टील उष्णतेच्या दिशेने शेजारी शेजारी पट्ट्यांसारखे उभे असतील. तेच दोघं एकामागे एक आडवे पडले तर? तेव्हा उलट्यांची सरासरी घ्यायची, आणि उत्तर येतं ४७. माल तोच, प्रमाण तेच, एक म्हणतो २१२, दुसरा म्हणतो ४७. खरं मिश्रण यांच्या मध्ये कुठेतरी. तुमचा सायकल टाइमचा सगळा आनंद या दोन आकड्यांच्या मध्ये लटकतोय.

आणि तेवढ्यावर भागत नाही. तांब्यात थोडंसं जरी लोखंड विरघळलं तरी त्याची कंडक्टिव्हिटी धाडकन पडते. म्हणजे लाइनीजवळ तुम्ही '९५ टक्के तांबं' लिहिलंत म्हणून तिथे ४०० च्या जवळपास मिळेल असं अजिबात धरू नका. वरच्या बाजूचा आकडा विसरा, ४७ च्या बाजूचं सूत्र लावून चालवा. त्यातही फायदा दिसला तर पुढे जा.

---

भांडुपचा_फिटर · शुक्रवार, सकाळी १०:२०

म्हणजे भूमिती जमली आणि मटेरियलने दगा दिला.

---

पवईची_चिमणी · शुक्रवार, सकाळी ११:३५

कॅडवाले हा भाग नेहमी विसरतात, मी पण पहिली दोन वर्षं विसरले होते. मॉडेलमध्ये ० ते १ मधला कुठलाही आकडा लिहिता येतो, निसर्ग प्रत्येक आकड्याला हो म्हणतोच असं नाही. टायटॅनियम आणि स्टील घ्या, सरळ मिसळत गेलात तर मध्ये त्यांचं ठिसूळ संयुग बनतं आणि पार्ट मशीनवरच तडकतो. तिथे लोक मध्ये व्हॅनेडियम घालून वळसा घेऊन जातात. म्हणजे ए टू बी सरळ रेघ मारायची सक्ती नाही, तिसऱ्या मटेरियलवरून फिरून गेलं तरी चालतं, बेरीज १ झाली की झालं.

लोखंड-तांब्यात तसं ठिसूळ संयुग नसतं, पण दुसरा त्रास आहे. दोघं एकमेकांत फारसे विरघळत नाहीत, स्टील आधी गोठतं, तांबं पातळ राहतं आणि स्टीलच्या दाण्यांच्या फटीत शिरतं. थंड होताना ओढ बसली की तिथेच चीर.

---

टूलरूमकाका · शुक्रवार, सकाळी ११:५०

हे मला वेल्डरने शिकवलं, कॉलेजने नाही. स्टीलवर तांबं चढवताना मध्ये निकेलचा थर द्यायचा. निकेलचं दोघांशी पटतं.

---

पवईची_चिमणी · शुक्रवार, सकाळी ११:५८

अगदी. निकेल हाच मधला मध्यस्थ वापरतात. मग तुमच्या फाइलमध्ये एकाऐवजी दोन आकडे, तांबं आणि निकेल, स्टील उरलेलं.

---

भांडुपचा_फिटर · शुक्रवार, दुपारी १:१०

मशीनला हॉपर दोनच आहेत ताई :(

आणि त्यांना पाठवू काय? ते म्हणाले एसटीएल (३डी प्रिंटिंगची नेहमीची फाइल) पाठवा.

---

जाळीवाला · शुक्रवार, दुपारी १:२५

एसटीएल! हसू की रडू. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, एका त्रिकोणाला ५० बाइट, त्यातले ४८ टोकांचे आणि दिशेचे, उरलेले २ बाइट मोकळे, त्यात काही जण रंग कोंबतात. आत काय आहे हे सांगायला जागाच नाही, कारण आतलं काही त्यात नसतंच, नुसतं साल.

एएमएफ म्हणून फॉरमॅट २०११ मध्ये आला त्यात प्रमाण सूत्राने लिहिता येतं, पण क्ष, य, झ चं सूत्र, म्हणजे रसिकाताईंची डिस्क. ३एमएफ २०१५ चा, त्यातही मटेरियलची सोय आहे. पण फॉरमॅटमध्ये सोय असणं वेगळं आणि समोरच्याच्या मशीनने ते गिळणं वेगळं. त्यांना सरळ फोन करा आणि विचारा, तुमचं मशीन प्रमाण कधी बदलतं, थरागणिक की थराच्या आतसुद्धा?

---

भांडुपचा_फिटर · शनिवार, दुपारी ४:५०

फोन केला. पाऊण तास.

तर असं आहे की पावडर हॉपरपासून नोझलपर्यंत नळीतून येते, तुम्ही प्रमाण बदललं तरी नळीत आधीचा माल असतोच, तो संपून नवीन यायला काही सेकंद जातात. तेवढ्यात लेझर बराच पुढे गेलेला असतो. म्हणून ते एका थरात एकच प्रमाण ठेवतात, थर संपला की थांबून बदलतात. आणि माझा इन्सर्ट उभा बनणार, म्हणजे थर आडवे. माझं फंक्शन मात्र बाहेरून आत जातं, एकाच आडव्या थरात कडेला स्टील, मधे लाइनीभोवती तांबं. म्हणजे फिरून फिरून मी परत डिस्कवर आलो!!

शिवाय शुद्ध तांब्यावरून त्यांचा लेझर परावर्तित होतो म्हणे, इन्फ्रारेड आहे, तांबं शोषतच नाही धड, तेव्हा ८० टक्क्यांच्या वर ते हमी देत नाहीत.

शेठला सांगितलं. शेठ म्हणाले मग आडवा बनव.

---

पवईची_चिमणी · शनिवार, संध्याकाळी ५:१५

शेठ बोलले त्यात तथ्य आहे हं. आडवा ठेवला तरी थर सपाटच राहणार, पण लाइन एका बाजूला सरकवली तर एक भिंत तरी थरांना समांतर येते, त्या दिशेने तुमचं फंक्शन आणि थर जवळजवळ जुळतात. बाकीच्या बाजूंना तडजोड. नाहीतर प्रत्येक थरात दोन फेऱ्या, आधी सगळी कडेची स्टीलची रेघ, मग थांबून प्रमाण बदलून आतली. वेळ वाढेल पण ३ मिमीचं साल नक्की मिळेल. फंक्शन तेच ठेवा, त्याचे तुकडे मशीनच्या ताकदीप्रमाणे शेवटी करा. तुम्ही सुरुवातीला उलटं केलं होतं, आधी तुकडे मग विचार.

---

टूलरूमकाका · शनिवार, संध्याकाळी ६:०२

इन्सर्ट बिन्सर्ट राहू दे. आधी त्यांच्याकडून एक साधा ठोकळा बनवून घे, २० बाय २० बाय ४०, स्टीलपासून ८० टक्के तांब्यापर्यंत, तुझ्याच सूत्राने. वायरकटवर (तारेने धातू कापायच्या मशीनवर) मधून उभा काप. घास, पॉलिश कर, नायटल (स्टीलची घडण दिसावी म्हणून लावायचं अ‍ॅसिडचं द्रावण) लाव आणि भिंगाखाली चिरा बघ. मग दर मिलिमीटरला हार्डनेस घेत जा आणि कागदावर टिंबं मांड. तुझ्या सूत्राची रेघ त्याच कागदावर काढ. दोन्ही एकावर एक बसतात का बघू. केस डेप्थ आम्ही अशीच तपासायचो.

---

भांडुपचा_फिटर · शनिवार, संध्याकाळी ६:२०

काका ठोकळ्याचे पैसे शेठ देतील, पण आमच्याकडे भिंग साधं आहे आणि नायटल संपलंय.

---

टूलरूमकाका · शनिवार, संध्याकाळी ६:२६

माझ्याकडे दोन्ही आहे. ठोकळा घेऊन लालबागला ये, रविवारी सकाळी. नायटल तुला बाटलीत भरून देणार नाही, ट्रेनमध्ये सांडवशील.

---

रसिका_दादर · शनिवार, संध्याकाळी ७:४०

मी पण येऊ का? सुळा घेऊन येते.